आखाडा, मॅट, मल्लखांब : तालमीतलं काय अंगात उरलं?

माझी नऊ वर्षांची लेक ज्युदोला जाते. तीन आठवडे झाले आणि रविवारी तिने जाहीर केलं, "बाबा, मी नाही जाणार. ते नुसतं पडायलाच शिकवतात." तिला काय सांगावं ते सुचेना, म्हणून हा धागा.

शिस्त, आत्मविश्वास, मनोबल हे शब्द प्रत्येक वर्गाच्या फलकावर असतात. ते खोटे नाहीत, पण त्यांनी पोरीचं समाधान होत नाही आणि माझंही नाही. कुस्ती, कराटे, ज्युदो, मल्लखांब, मर्दानी खेळ, जे काही तुम्ही केलं असेल, त्यातलं नेमकं काय पुढे आयुष्यात कामाला आलं, ते लिहा. अर्ध्यावर सोडलं असेल तर तेही लिहा.

सुरुवात मी करतो. दहावीनंतर गावाकडून कोल्हापूरला तालमीत राहायला गेलो. वाटलं होतं, पहिल्या दिवसापासून शड्डू ठोकायचे. पहिला महिना मला कुणी कुस्ती धरूच दिली नाही. पहाटे साडेचारला उठायचं, हौद्यात उतरायचं आणि खोऱ्याने माती उकरायची. मग जोर, बैठका, सपाट्या. तालमीच्या तांबड्या मातीत हळद, काव, तेल, ताक, लिंबाचा रस मुरवलेला असतो. ती रोज उकरली नाही तर घट्ट बसते आणि तिच्यावर आपटणाऱ्याचे हाल होतात. ढेकूळ हाताने फोडायचं, पाण्याचा हबका मारायचा, खडा दिसला की बाहेर.

एकदा चिडून वस्तादांना विचारलं, "मला लढायला कधी मिळणार?" ते म्हणाले, "तू खडा ठेवलास तर पाठ कुणाची फुटंल? तुजी न्हवं, जोडीदाराची. आदी ती काळजी शिक."

पुढे चार वर्षं लढलो. जत्रेतल्या पहिल्याच कुस्तीत माझ्यापेक्षा लहान चणीच्या पोराने मला मिनिटभरात चितपट केलं. घिस्सा डाव कधी लागला आणि आभाळ कधी दिसलं, काही कळलं नाही. हलगी वाजत होती ती त्याच्यासाठी. रात्रभर झोप नाही. पहाटे वस्ताद काही बोलले नाहीत, कोपऱ्यातल्या खोऱ्याकडे नुसतं बोट दाखवलं. मी माती उकरली. २०२० मध्ये नोकरी गेली तेव्हा ती पहाट आठवली. त्या सकाळी उठून आधी अंगण झाडलं, स्कूटर पुसली, मग वही घेऊन एकेकाला फोन लावायला बसलो. काम मिळायला सात महिने लागले. पण अंथरुणात पडून राहिलो असा त्यातला एकही दिवस नव्हता.

*

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी दादरची, दोरीचा मल्लखांब आठ वर्षं केला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते : वरून एक सुती दोर लोंबतो, त्याला कुठेही गाठ मारायची नसते. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोर धरून चढायचं आणि वर जाऊन आसनं करायची. सुरुवातीला ती चिमटीची जागा सोलवटून निघते. आई रात्री खोबरेल लावायची आणि म्हणायची, "पुरे झालं आता." दुसऱ्या दिवशी डबा मात्र वेळेवर भरून द्यायची.

आमच्या बाई सांगायच्या, "श्वास सोडल्याशिवाय पुढची पकड घ्यायची नाही." वर असताना घाबरलं की माणूस श्वास धरून ठेवतो, सगळं अंग आवळतं, आणि नेमका तेव्हाच दोर घसरतो.

मी आता अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुहेरी हातमोजे घालून, चष्म्यावर वाफ धरलेली असताना, म्हाताऱ्या माणसांची शीर शोधावी लागायची. पहिल्यांदा चुकली की हात थरथरतो. मी सुई बाजूला ठेवायचे, श्वास सोडायचे, पेशंटच्या मनगटावर क्षणभर हात ठेवायचे आणि मग दुसरी जागा बघायचे. धीर कशाला म्हणतात, ते मला एवढंच ठाऊक आहे.

*

मी थोडं वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका.

बाराव्या वर्षी कराटे सुरू केलं आणि चौदाव्या वर्षी सोडलं. आमचे सर काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, चुकली की वेताच्या छडीने पोटरीवर मारायचे. पालकांना ते कौतुकाचं वाटायचं, "पोरं घट्ट होतायत." मी घट्ट वगैरे झाले नाही. मी खोटं बोलायला शिकले. वर्गाच्या दिवशी पोट दुखायचं, ताप यायचा. माझ्याबरोबरचा एक मुलगा तर खालच्या पट्ट्याच्या पोरांना तशीच छडी मारू लागला. मार खाऊन मन कणखर होतं, हे मला आजही पटत नाही. मार खाल्लेला माणूस मार द्यायला शिकतो, एवढंच मी पाहिलं आहे.

चौतिसाव्या वर्षी दुसऱ्या शहरात पुन्हा पांढरा पट्टा बांधला. आजूबाजूला सगळी आठ-दहा वर्षांची मुलं. एकदा कुमितेच्या, म्हणजे समोरासमोर लढण्याच्या, सरावात आमच्या आताच्या सरांचा ठोसा माझ्या ओठाला जरा जोरात लागला. त्यांनी सराव तिथेच थांबवला आणि सगळ्या मुलांसमोर कमरेत वाकून माफी मागितली. "माझं अंतर चुकलं," म्हणाले. कराटेची सुरुवात आणि शेवट आदराने होतो, हे आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे गिचिन फुनाकोशी यांच्या वीस सूत्रांतलं पहिलंच सूत्र. ते आमच्या जुन्या वर्गाच्या भिंतीवरही लावलेलं होतं. पण मला ते कळलं त्या दिवशी.

धागाकर्ते दादा, मुलीचा वर्ग एकदा आत बसून बघा. मूल पडल्यावर शिकवणारे काय करतात, तेवढं बघितलं तरी पुष्कळ.

*

मला जन्मापासून दिसत नाही. हे मी बोलून टंकतोय, काही चुकलं तर समजून घ्या.

तुमच्या मुलीला सांगा, पडायला शिकवतात म्हणूनच मी ज्युदो करतो. आमच्यासारख्या मुलांना घरचे सगळ्यात जास्त कशापासून जपतात? पडण्यापासून. शाळेत धावायचं नाही, गच्चीत जायचं नाही, जिन्यावर कुणीतरी दंड धरणार. मी एकोणीस वर्षांचा होईपर्यंत माझ्या मनाने कधी जोरात पळालो नव्हतो. पहिल्या दिवशी सरांनी मॅटवर उकिडवं बसवलं आणि म्हणाले, "हनुवटी छातीला लाव, मागे जा, दोन्ही हात मॅटवर जोरात आपट." फाडकन आवाज झाला. डोकं टेकलं नाही, काही दुखलं नाही. त्या संध्याकाळी मी साठ-सत्तर वेळा पडलो. थांबवत नव्हतं.

आमच्या ज्युदोत एक फरक असतो. डोळसांच्या लढतीत आधी पकडीसाठीच झटापट चालते. आमच्यात दोघांनी एकमेकांची कॉलर आणि बाही धरल्यावरच लढत सुरू होते. हात सुटून दूर झालो तर पंच थांबवतात आणि पुन्हा पकड देऊन सुरू करतात. समोरच्याच्या बाहीतूनच मला कळतं, तो थकलाय का, घाबरलाय का, कुठल्या पायावर भार आहे. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कपिल परमार यांनी कांस्य जिंकलं, भारताचं ज्युदोतलं पहिलं पॅरालिम्पिक पदक. आम्ही सगळे एका मोबाइलभोवती बसून ऐकत होतो.

कामाला कुठे आलं म्हणाल, तर गेल्या पावसाळ्यात स्टेशनच्या पायऱ्यांवर घसरलो. हात आपसूक बाहेर फेकले गेले, मान आत. कोपर खरचटलं तेवढंच. लोक धावले, "अरेरे" वगैरे म्हणाले. मी काठी शोधली आणि ९:१२ ची लोकल पकडली.

*

कोल्हापूरकर दादांना रामराम. मी पण तालमीतलाच. सहा वर्षं काढली आणि खुराक परवडेना म्हणून सोडली. रोजचं दूध, तूप, थंडाईचे बदाम, वडलांनी एक म्हैस विकली, दुसरी विकायची वेळ आली तेव्हा मीच लंगोट घडी करून ट्रंकेत ठेवला. आता टेम्पो चालवतो. त्याचं दुःख आहे, नाही म्हणणार नाही.

आमचे वस्ताद खाशाबा जाधवांचं उदाहरण द्यायचे, पण पदकाचं नाही, त्याच्या आधीचं. १९४८ ला लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. मातीत घडलेला गडी, गादीवरच्या कुस्तीचे नियम सगळे नवे. तिथून परत येऊन चार वर्षं सराव केला आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्य. वस्ताद विचारायचे, "त्या चार वर्सांत त्यास्नी बघाय कोन गेलतं?"

माझा जुना जोडीदार पुढे मोठ्या मैदानांवर लढला. माझ्या कानाची पाळी त्याच्याच धरपकडीत मोडली. बायपासच्या ऑपरेशनला वडलांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा तो न सांगता आला आणि तीन रात्री बाकावर झोपला. रोज पहाटे ज्याच्याशी झुंजलो, त्याला माझ्या घरची अडचण माझ्या भावांच्या आधी कळली.

*

धागाकर्ता पुन्हा : सगळ्यांचं वाचतोय, दोनदा वाचलं. कराटेच्या ताईंचं ऐकून शनिवारी वर्गात आत बसलो. एक मुलगा वाकडा पडून रडला. बाईंनी त्याला उचललं नाही, त्याच्याशेजारी मॅटवर स्वतः आडव्या झाल्या आणि त्याच्याशी बोलत राहिल्या. मग दोघं मिळून उठले.

स्टेशनवाल्या दादांचा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. तिने एकच विचारलं, "त्यांना मॅट कुठे संपते ते कसं कळतं?" दादा, जमलं तर उत्तर द्या, ती वाट बघते आहे.

काल रात्री आईच्या खोलीतून आवाज आला म्हणून डोकावलो. आई मागच्या वर्षी न्हाणीघरात घसरली, तेव्हापासून भिंत धरून चालते. लेकीने खाली दोन गाद्या अंथरल्या होत्या, आईला मधोमध बसवलं होतं आणि समोर मांडी घालून सांगत होती, "आजी, हनुवटी छातीला. आधी एवढंच. पडायचं नंतर."