बर्लिनमधल्या टी-३४-८५ वरच्या जाळ्या: खरंच पलंगाच्या होत्या का?

मॉडेलवेडा:
एप्रिल-मे १९४५ मधल्या बर्लिनच्या फोटोंत काही टी-३४-८५ या सोव्हिएत रणगाड्यांच्या बुरुजाभोवती चौकटीत बसवलेल्या जाळ्या दिसतात. फोटोखाली बहुतेक ठिकाणी 'पलंगाच्या स्प्रिंगा' असं लिहिलेलं असतं. १:३५ च्या मॉडेलवर तेच करायचंय. जाळी नेमकी कशाची, बुरुजाला कशी धरलेली? पॅन्झरफाउस्टपुढे, म्हणजे जर्मनांच्या हातातून डागायच्या रणगाडाविरोधी शस्त्रापुढे, ती टिकली का? आणि कडेला बांधलेला ओंडका चिलखत म्हणून असायचा का?

सळई:
पलंग डोक्यातून काढून टाका. एकाच तुकडीच्या गाड्यांवर चौकटी एकसारख्या मापाच्या दिसतात. घराघरांतून उचललेल्या पलंगांच्या तशा दिसल्या नसत्या. हे दुरुस्ती पथकांचं काम आहे: चौकट, तिच्यात बारीक तारेची जाळी, आणि बुरुजाला वेल्ड केलेल्या आखूड सळयांवर ती चौकट उभी. मॉडेलवर स्प्रिंगची वेटोळी अजिबात करू नका.

जाळी बुरुजाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे ठेवा. तोफेचं तोंड आणि दुर्बिणीची भोकं मोकळी हवीत, झाकणं पूर्ण उघडायला हवीत. बुरूज पूर्ण फिरवून बघा, चौकट कुठेही अडकता कामा नये. आणि सगळं सरळ, नवंकोरं दाखवू नका. पडक्या भिंतींच्या गल्लीतून गेलेल्या गाडीची चौकट कुठेतरी चेपलेलीच असणार.

पोकळस्फोट:
टिकली का? माझ्या मते नाही, आणि कारण साधं आहे. पॅन्झरफाउस्टमध्ये पोकळ स्फोटक असायचं: स्फोट झाला की धातूची अतिवेगवान बारीक धार सुटते, आणि ती सुमारे २०० मिमी पोलाद भेदायची. टी-३४-८५ च्या बुरुजाची बाजू ७५ मिमी, खोक्याची (बुरुजाखालच्या धडाची) बाजू ४५ मिमी. जाळीवर स्फोट होऊन धार हातभर आधी सुटली, तरी उरलेली ताकद पुरून उरते. पोकळ स्फोटकाची धार नीट तयार व्हायला थोडं अंतर लागतंच, त्यामुळे जवळची जाळी कधी उलट धारेलाच मदत करते.

आजच्या जाळ्यांशी तुलना करणाऱ्यांचा घोळ इथेच होतो. आरपीजी-७ या खांद्यावरच्या रॉकेटच्या फ्यूजचा (स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेचा) वीज तयार करणारा भाग नाकाशी असतो. आजच्या जाळीच्या पोलादी पट्ट्यांत नाक चेपलं की सर्किट शॉर्ट होऊन गोळा बऱ्याचदा फुटत नाही. पॅन्झरफाउस्टचा फ्यूज बुडाशी, धक्क्यावर चालणारा. तिथे शॉर्ट करायला काही नव्हतंच.

रणगाडे वाचले ते चालीमुळे. रस्त्याच्या दोन्ही कडांनी दोन रांगा, उजवीकडची रांग डावीकडच्या खिडक्यांवर मारा करणार आणि डावीकडची उजवीकडच्या. सोबत तळघरं साफ करणारं पायदळ.

चिखलातला:
ओंडका चिलखत नाही, चिखलातून निघायचं साधन आहे. निदान गाडीच्या रुंदीइतका, म्हणजे ३ मीटर तरी लांब हवा. पोटाखाली जमिनीपासून अंतर ४० सेंमी, आणि रुतलेल्या गाडीला तेवढंही उरत नाही, म्हणून फार जाड ओंडका अडकून बसतो.

पुढे जायचं असेल तर तो चाकांवरून फिरणाऱ्या दोन्ही पट्ट्यांवर समोरून आडवा ठेवून दोन्ही टोकं तारदोराने पट्ट्यांच्या कड्यांना करकचून बांधायची. मग पहिला गियर, स्टिअरिंगच्या दांड्यांना हात न लावता सरळ. पट्टा ओंडक्याला खाली ओढतो, गाडी त्याच्यावर चढते आणि जवळजवळ आपल्या लांबीइतकी पुढे सरकते. एका बाजूची गाठ सुटली तर ओंडका तिरका होतो, गाडी वळते आणि पट्टा उतरू शकतो. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वेळेवर न थांबणं: ओंडका मागून वर येऊन मडगार्ड आणि मागे लावलेली पिंपं चेपतो. बाहेर एक माणूस इशारा द्यायला हवाच.

मॉडेलवेडा:
स्प्रिंगा रद्द. समोरच्या उतारावर पट्ट्याची सुटी कडी लावतात, तीही निरुपयोगी का?

सळई:
कडी मुळात सुटे भाग म्हणून. ओतीव मँगनीज पोलाद चिवट असतं, पण चिलखतासारखं कठीण नाही. गोळ्याचं टोक त्यावर फुटत नाही. समोरचा ४५ मिमी पत्रा उभ्यापासून ६०° कलता, खरं काम तोच करतो. चालकाचं झाकण त्याच पत्र्यात आहे, त्यावर कडी लावू नका.