नजरेची चूक वेगळी, नियमाची वेगळी

मुलांच्या बेसबॉल-सॉफ्टबॉलच्या सामन्यात पंचांना कधीच काही विचारू नये, हे तुमचं म्हणणं मला निम्मंच पटलं. पिच (फलंदाजाकडे टाकलेला चेंडू) स्ट्राइक, म्हणजे योग्य टप्प्यातला, होता की बॉल, म्हणजे त्याबाहेरचा, धावपटू आधी पोचला की चेंडू, हा पंचांच्या नजरेचा निर्णय. त्यावर प्रोटेस्ट, म्हणजे अधिकृत तक्रार, चालत नाही, आणि चालूही नये. पण नियमच चुकीचा लावला गेला तर दाद मागता येते, मात्र पुढचा पिच पडायच्या आत.

माझ्या मुलीच्या सामन्यात पहिल्या-दुसऱ्या बेसवर धावपटू होत्या, बाद कोणीच नव्हतं. सोपा उंच झेल उडाला, पंचांनी इनफिल्ड फ्लाय पुकारला, म्हणजे झेल सुटला तरी फलंदाज बाद. झेल सुटला. दुसऱ्या बेसवरून माझी मुलगी पळाली. तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूने चेंडू घेऊन बेसवर नुसता पाय ठेवला आणि पंचांनी हिलाही आउट दिलं! मागून फलंदाज येत असेल तर धावपटूला पुढच्या बेसवर जावंच लागतं, हा फोर्स; तेव्हा बेसवर पाय ठेवूनही बाद करता येतं. पण फलंदाज बाद झाल्यावर फोर्स उरतच नाही, टॅग करायलाच हवा होता, म्हणजे चेंडू तिच्या अंगाला लावायला हवा होता.

आमचे प्रशिक्षक मात्र "ती आधीच पोचली होती" म्हणून ओरडत राहिले. "टॅग झाला नाही" एवढंच शांतपणे सांगितलं असतं तर निर्णय बदलता आला असता. तेवढ्यात पुढचा पिच पडला. पोर डगआउटमध्ये रडत होती.