मदत हवी आहे: प्रॉम्प्ट आधी करू की डीटीटीसी?

स्नेहा_बार्शी
नमस्कार. मी स्पीच थेरपिस्ट, बीएएसएलपी (स्पीच थेरपीची पदवी) होऊन सहा वर्षं झाली. एका मुलापाशी घोडं अडलंय. प्रॉम्प्ट म्हणजे चेहऱ्याला बोटं लावून उच्चार शिकवायची पद्धत; तिच्या पहिल्या कार्यशाळेची नोंदणी शुक्रवारी बंद होतेय. तीन दिवस, फी माझ्या दीड महिन्याच्या कमाईइतकी, पुण्यात राहण्याचा खर्च वेगळा. डीटीटीसी म्हणजे मुलाबरोबर म्हणून उच्चार बसवायची पद्धत; तिचा कोर्स ऑनलाइन फुकट आहे म्हणतात. मुलाच्या जुन्या रिपोर्टवर अ‍ॅप्रॅक्सिया (बोलण्याच्या हालचाली मेंदूला जुळवता न येणं) लिहिलंय. पाच महिने झाले, गाडी पुढे सरकत नाही. सेशन संपलं की त्याची आई दारात थांबून माझ्याकडे बघते, बोलत काही नाही. ज्यांनी हे कोर्स केलेत त्यांनीच सांगा. "प्रत्येक मूल वेगळं असतं" हे उत्तर कृपया नको.

कृष्णाकाठ
वय किती? ऐकण्याची तपासणी झालीय का? आठवड्यातून किती वेळा येतो? एवढं कळल्याशिवाय कोर्स कसा सांगणार, ताई?

मेधा_सिडनी
डीटीटीसी, डोळे मिटून. एडिथ स्ट्रँड यांनी ही पद्धत बसवली आणि त्या फुकट ऑनलाइन कोर्समध्ये त्या स्वतःच शिकवतात. शब्द अगदी थोडे, पाच-सहा. आधी मुलाबरोबर एकाच वेळी, सावकाश म्हणायचं, मग तुम्ही म्हणून त्याने म्हणायचं, मग मध्ये थोडा वेळ जाऊ द्यायचा. अडखळला की एक पायरी मागे. मराठीत 'नको', 'दे', 'आई', 'अजून' घ्या, म्हणजे घरी दिवसभर लागणारे शब्द. इंग्रजी चित्रांची यादी उचलू नका.
आमच्याकडे सिडनी विद्यापीठाची रेस्ट पद्धतही आहे, पण ती निरर्थक शब्दांवर आणि इंग्रजीतल्या आघातावर (शब्दात कुठे जोर द्यायचा त्यावर) उभी आहे. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे ती जशीच्या तशी चालणार नाही.

अनुभव_२२
बावीस वर्षं हेच काम करतोय. कोर्सवर पैसे घालू नका. फुगे, शिट्टी, मेणबत्ती विझवणं, स्ट्रॉने पाणी ओढणं, ओठाला मध लावून जिभेने चाटायला लावणं. तोंडाचे स्नायू तयार झाले की बोलणं आपोआप येतं.

मेधा_सिडनी
दादा, आदर ठेवून सांगते, आपोआप येत नाही. फुंकर मारताना जबडा-जीभ जे करतात ते 'प' म्हणताना करत नाहीत. 2008 साली अमेरिकेतल्या थेरपिस्टांची पाहणी झाली, तेव्हा 85 टक्के जण हे व्यायाम देत होते. देतात सगळे, पण त्याने उच्चार सुधारतो याचा पुरावा नाही.

अनुभव_२२
माझ्याकडची मुलं बोलायला लागली, तो पुरावा नाही का?

मेधा_सिडनी
तुम्ही त्यांच्याकडून शब्दही म्हणून घेत होतात ना? मग फुग्याने आलं की शब्दांनी, हे कसं ठरवणार?

आर्याची_आई
मध्येच विचारते, माफ करा. मुलगा अडीच वर्षांचा, पाचच शब्द बोलतो. सासूबाई रोज वेखंड उगाळून जिभेला लावतात. जीभ चिकटलेली असेल का?

कृष्णाकाठ
आर्याची_आई, वेखंड थांबवा आणि आधी ऐकण्याची तपासणी करून घ्या. हाक मारली की बघतो, एवढ्यावर विसंबू नका. चिकटलेल्या जिभेने शब्द कमी होत नाहीत, फार तर काही उच्चार बिघडतात. वेगळा धागा काढा, मी तिथे लिहितो.

स्नेहा_बार्शी
वय साडेचार. ऐकणं नॉर्मल. आठवड्यातून एकदा, पंचेचाळीस मिनिटं, खेड्यावरून एसटीने येतात. माझा प्रश्न कोर्सचा आहे. शुक्रवार जवळ आलाय.

कृष्णाकाठ
आठवड्यातून एकदा? अ‍ॅप्रॅक्सिया असेल तर तिथेच उत्तर मिळालं. त्यात शंभरेक वेळा म्हणून घ्यावं लागतं, तेही आठवड्यातून तीन-चार वेळा. प्रॉम्प्टमध्ये तर जबडा, ओठ, हनुवटीखाली तुमची बोटं लागतात, ते फोनवर आईला शिकवता येत नाही. आणि पहिली कार्यशाळा म्हणजे नुसता उंबरठा, पुढे दुसरी आहे, मग प्रमाणपत्र. परदेशी कोर्सला आपली नोंदणी ठेवणाऱ्या आरसीआयचे सीआरई गुण (नोंदणी चालू ठेवायला लागणारे प्रशिक्षणाचे गुण) मिळतील हेही धरून चालू नका. पाच वर्षांत 100 लागतात, मंजुरी आहे का ते आधी विचारा.
पण मला निदानच पटत नाहीये. आशा या अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टांच्या संस्थेच्या 2007च्या अहवालात तीन खुणा आहेत: तोच शब्द दर वेळी वेगळा चुकणं, एका आवाजावरून दुसऱ्यावर जाताना अडकणं, बोलण्याची लय बिघडणं. हा मुलगा 'पाणी' पाच वेळा कसं म्हणतो? जसं ऐकू येतं तसं लिहा.

साहिल१२वी
स्पीच थेरपिस्ट व्हायला काय करावं लागतं? नीट लागते का? पगार किती?

कृष्णाकाठ
बीएएसएलपी, इंटर्नशिप धरून चार वर्षं. मुंबईत वांद्र्याची अलियावर जंग संस्था आणि नायर रुग्णालय बघ. बाकी वेगळ्या धाग्यावर.

स्नेहा_बार्शी
'पाणी' म्हणजे 'आणी', सुरुवातीला घशात झटका. पाचही वेळा तेच. 'बाबा' म्हणजे 'आआ', दोन्ही 'आ' घशातून तोडलेले. 'दे' म्हणजे 'ए'. 'काका' पण 'आआ'च. 'मामा', 'नाना' स्वच्छ. स्वर चांगले. वाक्यं मोठी बोलतो, लयही छान आहे, पण आईशिवाय कोणाला कळत नाही.

टाळू_आणि_आम्ही
थांबा सगळे. म, न, स्वर स्वच्छ, आणि प-ब-त-द-क-ग जिथे तोंडात हवा कोंडायची तिथे घशात झटका, तोही दर वेळी तसाच. स्नेहाताई, टाळू बघितला का?

स्नेहा_बार्शी
टाळू जन्मतः फाटलेला होता, त्याचं ऑपरेशन चौदाव्या महिन्यातच झालंय. भोक नाही असं सर्जननी लिहून दिलंय. तो विषय संपला होता म्हणून लिहिलं नाही.

टाळू_आणि_आम्ही
ताई, तो संपलेला नाही, आणि याला ना प्रॉम्प्ट लागणार ना डीटीटीसी. ऑपरेशनआधी तोंडात हवा कोंडता येत नव्हती, म्हणून लेकराने घशात कोंडायला सुरुवात केली. टाळू शिवला तरी सवय तिथेच राहिली. भोक नाही म्हणजे टाळू बोलताना मिटून नाकाची वाट बंद करतोच असंही नाही.
उद्या 'पापा' म्हणायला लावा, नाक मोकळं, मग चिमटीत धरून. नाक धरल्यावर 'प' उमटला तर हवा नाकातून गळतेय, टाळूच्या टीमकडे पाठवा. फरक पडला नाही तर आधी घशाची सवय सोडवायची. ती सुटेपर्यंत टाळू मिटतो की नाही हे दुर्बिणीतूनही नीट कळत नाही.
सोडवायची कशी? 'ह'वरून. श्वास वाहता असला की घसा झटका देऊ शकत नाही. आणि आपल्याकडे 'फ' तयारच आहे! दात-ओठांचा नाही, फळातला जुना, दोन्ही ओठांचा. कुजबुजत 'हाऽफा', मग 'फा', हवा कमी करत 'पा'. तसंच 'थ'वरून 'त', 'ख'वरून 'क'.
प्रशिक्षण हवंच असेल तर कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातल्या केट क्राउली यांचे टाळूच्या बोलण्यावरचे फुकट कोर्स आहेत, मुलांचे व्हिडिओ दाखवत शिकवतात. दुसरं ऑपरेशन लागलंच तर स्माइल ट्रेन या संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयात मोफत होतं, आईला आजच सांगा, खर्चाच्या भीतीने थांबायला नकोत.

अनुभव_२२
टाळूच असेल तर फुंकर हवीच! आम्हाला तसंच शिकवलं होतं.

टाळू_आणि_आम्ही
मलाही तसंच शिकवलं होतं, दादा. मी दोन वर्षं बासऱ्या वाजवून घेतल्या. फुंकर मारताना टाळू मिटतो तो वेगळा, बोलताना मिटतो तो वेगळा. मुलं बासरी उत्तम वाजवायला लागली, 'प' घशातच राहिला.

स्नेहा_बार्शी
नाक धरून बघितलं. काही फरक नाही, झटका तसाच. मग 'हाऽफा' केलं. पहिल्या वीस वेळा काही नाही, मग दोनदा ओठांवर आलं. तिसऱ्यांदा त्याच्या आईने ओळखलं आणि ती खाली बसली.
शुक्रवारची नोंदणी सोडली. आता सांगा, घरी रोज किती वेळा करायला देऊ? आणि तोपर्यंत 'बाबा' म्हणायला लावायचं की थांबवायचं?

टाळू_आणि_आम्ही
दिवसातून चार वेळा, पाच-पाच मिनिटं, आईचा हात त्याच्या ओठांसमोर, हवा लागली तरच मोजायचं. 'बाबा'चा सराव अजून नको. 'ब'सारख्या घोष आवाजात (घसा थरथरतो त्या) झटका लगेच परत येतो. बोलता बोलता म्हणाला तर टोकू नका. 'पा' पक्का झाला की इथेच लिहा.