मदत हवी आहे: पेन्सिल्वेनियाला तीन दिवस चालले, मग विस्कॉन्सिनला सहा का नाही?

नमस्कार मंडळी,

एलएलएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुलनात्मक संविधानाच्या पेपरसाठी उत्साहाच्या भरात "महासाथीतलं मतदान आणि अमेरिकेतली न्यायालयं" असा विषय घेतला आणि आता पस्तावतेय. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, आधी तक्ता कर: राज्य, नियम, निकाल, कारण. पहिले तीन रकाने भरले. चौथ्यापाशी दहा दिवस घुटमळतेय.

गाडी अडलीय ती अशी. २०२० साली दोन्ही राज्यांचा कायदा सारखाच होता. टपाली मतपत्रिका मतदानाच्या दिवशी, म्हणजे ३ नोव्हेंबरला, रात्री ८ च्या आत कार्यालयात पोचली पाहिजे. कोविडमुळे टपालाचा खोळंबा होणार म्हणून दोन्हीकडे न्यायालयांनी मुदत वाढवली. पेन्सिल्वेनियात ६ नोव्हेंबरपर्यंत, विस्कॉन्सिनमध्ये ९ नोव्हेंबरपर्यंत. दोन्ही प्रकरणं वॉशिंग्टनला सर्वोच्च न्यायालयात गेली. १९ ऑक्टोबरला पेन्सिल्वेनियाच्या मुदतवाढीवरची स्थगिती ४-४ अशा बरोबरीमुळे नाकारली गेली, म्हणजे मुदतवाढ टिकली. बरोबर एका आठवड्याने विस्कॉन्सिनची मुदतवाढ मात्र ५-३ ने गेली. साथ तीच, टपाल खातं तेच, न्यायमूर्तीही तेच आठ (नववी जागा तेव्हा रिकामी होती).

सगळं पक्षीय आहे म्हणून मोकळं व्हावं, तर सरन्यायाधीश रॉबर्ट्स पहिल्या वेळी उदारमतवाद्यांबरोबर आणि दुसऱ्या वेळी विरुद्ध. एकाच माणसाचं आठवड्यात मत बदललं का? की मीच काहीतरी चुकीचं वाचतेय?

तसाच दुसरा घोळ साक्षीदाराच्या सहीचा. साथीत घरी एकटं राहणाऱ्याने टपाली मतपत्रिकेवर साक्षीदाराची सही आणायची कुठून, हा वाद ऱ्होड आयलंडमध्येही झाला आणि साउथ कॅरोलायनातही. ऱ्होड आयलंडची सवलत ऑगस्टमध्ये राहिली, साउथ कॅरोलायनाची ऑक्टोबरमध्ये काढून घेतली. का?

कोणी या विषयात काम केलं असेल तर कृपया सांगा. बातम्यांच्या दुव्यांचा ढीग आहे माझ्याकडे, ते नकोत. निकाल वाचायचा कसा ते हवंय.

---

कोर्टकचेरी

तुमच्या तक्त्यात एक रकाना कमी आहे: *नियम कोणी बदलला?* "किती दिवस" हा प्रश्न बाजूला ठेवा, त्यात काही सापडणार नाही.

पेन्सिल्वेनियात मुदत वाढवली ती राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने, १७ सप्टेंबरला, आणि आधार घेतला राज्याच्याच संविधानातल्या मुक्त आणि समान निवडणुकांच्या कलमाचा. विस्कॉन्सिनमध्ये वाढवली ती संघीय, म्हणजे केंद्राच्या, जिल्हा न्यायाधीशांनी. म्हणजे एकीकडे घरच्या वडीलधाऱ्याने घरचा नियम सैल केला, दुसरीकडे बाहेरच्याने येऊन सांगितलं. रॉबर्ट्स यांनी २६ ऑक्टोबरला एका छोट्याशा परिच्छेदात नेमका हाच फरक लिहिलाय. मत बदललेलं नाही, दोन्ही वेळा एकच कसोटी लावली.

आता ऱ्होड आयलंड लावून बघा. तिथे राज्याच्या निवडणूक अधिकाऱ्यांनीच तडजोड मान्य केली होती आणि राज्याचा एकही अधिकारी विरोधात उभा नव्हता. न्यायालयाने आदेशात ते सांगितलंय. साउथ कॅरोलायनात राज्य स्वतःच सहीच्या बाजूने भांडत होतं. नॉर्थ कॅरोलायनाही याच रांगेत बसतं: तिथे राज्याच्या निवडणूक मंडळानेच मुदत १२ नोव्हेंबरपर्यंत नेली होती आणि सर्वोच्च न्यायालयाने हात लावला नाही. मतदानानंतर नऊ दिवस बरं का, विस्कॉन्सिनपेक्षा जास्त!

दुसरा रकाना *कधी?* हा घाला. २००६ सालचा पर्सेल निकाल वाचलाच असेल (नसेल तर आज रात्री वाचा, काही पानांचाच आहे). मतदान तोंडावर आलं असताना संघीय न्यायालयांनी नियम बदलू नयेत, मतदार गोंधळतो, हे त्याचं सार. साथीच्या वर्षात या निकालाची फार ओढाताण झाली. माझ्या मते गरजेपेक्षा जास्त, कारण साथ काही निवडणुकीचं वेळापत्रक बघून येत नाही.

---

धागाकर्ती

बाप रे. म्हणजे दहा दिवस मी दिवसच मोजत बसले होते.

पण मग एप्रिलचं काय? ७ एप्रिलची विस्कॉन्सिनची प्राथमिक (पक्षांचे उमेदवार ठरवणारी) निवडणूक. आदल्या दिवशी राज्यपालांनी मतदान पुढे ढकललं, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते त्याच दिवशी ४-२ ने हाणून पाडलं. त्याच संध्याकाळी वॉशिंग्टनहून ५-४ चा आदेश: मतपत्रिका १३ एप्रिलपर्यंत पोचली तरी चालेल, पण टपालाचा शिक्का ७ तारखेचा किंवा आधीचा हवा. ज्यांना मतपत्रिका मिळालीच नव्हती त्यांनी करायचं काय? मिलवॉकीत एरवी १८० च्या आसपास मतदान केंद्रं असतात, त्या दिवशी पाच होती. मास्क लावून रांगेत उभ्या असलेल्या लोकांचे फोटो पाहिले आणि तक्ता बाजूला ठेवला.

---

कोर्टकचेरी

न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांच्या भिन्नमतात हाच मुद्दा आहे. बहुमताचं म्हणणं असं, की ७ तारखेनंतर टाकलेली मतं मोजा अशी मागणी अर्जदारांनी आपल्या अर्जात केलीच नव्हती, तरी जिल्हा न्यायाधीशांनी ती देऊन टाकली. कागदावर चोख. माणसाच्या जागी उभं राहून वाचलं तर घशाखाली उतरत नाही.

---

परदेशी पाहुणी

वकील नाही, पण २०२० मध्ये फिलाडेल्फियाजवळ राहत होते. मला मताधिकार नव्हता, त्यामुळे फुकटची प्रेक्षक. शेजारच्या सत्तरीतल्या बाई एक दिवस कुंपणापलीकडून दोन लिफाफे नाचवत आल्या. मतपत्रिका आधी आतल्या कोऱ्या गुप्ततेच्या लिफाफ्यात, मग तो बाहेरच्या लिफाफ्यात, मग त्यावर सही आणि तारीख. त्यांनी आतला लिफाफा वगळून बाहेरचा चिकटवून टाकला होता! तिकडे अशा मतपत्रिकेला "उघडी मतपत्रिका" म्हणायचे. ज्या १७ सप्टेंबरच्या निकालाने तीन दिवस वाढवून दिले, त्याच निकालाने उघडी मतपत्रिका मोजायची नाही असंही ठरवलं. वाफेवर धरून लिफाफा सोडवायचा प्रयत्न झाला, फाटला. शेवटी त्या मास्क लावून केंद्रावर गेल्या.

हे अशासाठी लिहिलं, की तो निकाल नुसता सढळ नव्हता. तुमच्या तक्त्यात तो एका ओळीत मावायचा नाही.

---

धागाकर्ती

ताई, हे सोनं आहे. त्याच निकालात आणखी एक गोष्ट दिसली: टपालाचा शिक्का नसेल किंवा वाचता येत नसेल, तर मतपत्रिका वेळेत टाकली असं धरायचं, उलटा पुरावा नसेल तर. एकीकडे इतकं उदार, लिफाफ्याबाबत इतकं कडक.

आता शेवटचा प्रश्न, मग गप्प बसते. निवडणुकीनंतरचे दावे वाचताना असं वाटतं की दार दोन्ही बाजूंनी बंद आहे. आधी आलात तर "तुमचं अजून नुकसान कुठे झालंय?" नंतर आलात तर "इतका वेळ कुठे होतात?"

---

कोर्टकचेरी

दोन वेगळी कुलपं आहेत, एकत्र करू नका.

पहिलं, दाद मागण्याचा अधिकार. टेक्सासने पेन्सिल्वेनियासह चार राज्यांवर थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, तो ११ डिसेंबर २०२० ला याच कारणाने गेला. दुसऱ्या राज्याने आपली निवडणूक कशी घेतली यात तुमचं काय अडलं, इतकंच.

दुसरं, विलंब. पेन्सिल्वेनियात सरसकट टपाली मतदानाचा कायदा २०१९ च्या ऑक्टोबरमधला. तो घटनाबाह्य आहे असं म्हणत लोक न्यायालयात आले नोव्हेंबर २०२० मध्ये, मतं मोजून झाल्यावर, आणि उशीर केला म्हणूनच परत गेले. विस्कॉन्सिनमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात १४ डिसेंबरला ४-३ ने हेच झालं. फक्त दोन काउंट्यांतली (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) २ लाखांहून जास्त मतं बाद करा अशी मागणी होती. बहुमताने लिहिलं, की आक्षेपाचा झेंडा खेळ चालू असताना टाकायचा असतो, तुम्ही मोसम संपल्यावर नियमपुस्तिकेवरच आक्षेप घेताय. (उपमा त्यांच्या फुटबॉलची आहे.) तिघा न्यायमूर्तींची भिन्नमतं मात्र जरूर वाचा. न्यायालय मूळ प्रश्न टाळतंय हा तुमचाच आक्षेप त्यांत आहे.

मत ज्याने सांगितलेल्या नियमाप्रमाणे टाकलं, त्याला मागाहून शिक्षा नको, हा धागा सगळीकडे दिसेल. साउथ कॅरोलायनात सहीची अट परत आणतानाही, तोवर पाठवलेल्या आणि पुढच्या दोन दिवसांत पोचणाऱ्या मतपत्रिका वाचवल्या. टेक्सासच्या हॅरिस काउंटीत गाडीत बसून दिलेली १ लाख २७ हजारांच्या आसपास मतंही अशीच राहिली.

आणि पेन्सिल्वेनियाच्या "कारण" रकान्याबद्दल सावध राहा. ४-४ च्या त्या आदेशात कारण दिलेलंच नाही. रॉबर्ट्स यांचं कारण आपल्याला कळतं ते आठवड्यानंतरच्या विस्कॉन्सिनच्या आदेशातून. मूळ प्रश्न, म्हणजे राज्याचं न्यायालय विधिमंडळाचा निवडणूक कायदा असा वाकवू शकतं का, तो तसाच लोंबकळत राहिला. उशिरा आलेल्या मतपत्रिका न्यायमूर्ती अलिटो यांच्या आदेशाने वेगळ्या ठेवल्या होत्या. त्या दहा हजारांच्या आसपास, आणि बायडन यांची आघाडी ८० हजारांची. निकालात फरक पडणार नव्हता. २२ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला, तिघांनी विरोध नोंदवला. त्या प्रश्नाला हात घातला तो २०२३ च्या मूर विरुद्ध हार्पर निकालात: राज्यांची विधिमंडळं स्वतःच्या संविधानापासून आणि न्यायालयांपासून मोकळी नाहीत. तुमच्या पेपरचं शेवटचं प्रकरण त्यावर करा.

---

धागाकर्ती

तक्ता नव्याने केला. "कोणी" आणि "कधी" घातल्यावर साउथ कॅरोलायना, ऱ्होड आयलंड, नॉर्थ कॅरोलायना आपोआप जागेवर बसली. १९ ऑक्टोबरच्या पेन्सिल्वेनियासमोर "कारण दिलेलं नाही" असं लिहून बाईंना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "मग शोध आणि लिही." आता ती भिन्नमतं काढून बसलेय. धागा बंद करू नका.