एक डॉलरच्या आतली बेसबॉल कार्डं, तीही फक्त फोटोसाठी: छंद की पसारा?

ट्रेंटनचा_तात्या
मंडळी, जरा वाद घालायचाय म्हणून धागा काढतोय. इथे अमेरिकेत बेसबॉल कार्डांचा (पाकिटात मिळणारी खेळाडूंच्या फोटोंची कार्डं) विषय निघाला की गाडी पाच मिनिटांत न्यूयॉर्क यांकीज संघाच्या जुन्या स्टारवर, मिकी मँटलवर येते. ते टॉप्स कंपनीचं १९५२ चं कार्ड, २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, मग कोणाच्या तरी मित्राच्या आईने तसंच कार्ड कचऱ्यात टाकलं होतं ती गोष्ट, आणि मग सगळ्यांचे उसासे. मला त्यात काडीचा रस नाही. मी एक डॉलरच्या आतली कार्डं घेतो, आणि फक्त फोटो बघून घेतो. खेळाडू कोण, होमरन किती, रुकी कार्ड (खेळाडूचं पहिलं कार्ड) आहे का, कायपण बघत नाही.

नमुना सांगतो. फ्लीअर कंपनीच्या १९८४ च्या सेटमध्ये ग्लेन हबर्ड आहे, अटलांटा ब्रेव्ह्जचा सेकंड बेसमन, दाढीवाला. त्याच्या गळ्यात चक्क भलामोठा साप आहे आणि मागे फिलाडेल्फियाचा तो हिरवा मॅस्कॉट, फिली फनॅटिक. त्याच सेटमध्ये जे जॉनस्टोन, शिकागो कब्जचा, डोक्यावर छत्रीची टोपी घालून, तीपण बडवायझर बिअरची. त्याच्या आधी १९७६ च्या टॉप्समध्ये कर्ट बेव्हाक्वा बबलगमचा फुगा फुगवतोय आणि त्या फुग्याची रुंदी कॅलिपरने मोजतायत, कारण १९७५ ची फुगा फुगवायची चॅम्पियनशिप त्याने जिंकलेली, आणि कार्डाच्या मागे स्पर्धेचा पूर्ण ड्रॉ छापलाय कोणी कोणाला हरवलं त्याचा. लोक एवढे सिरियसली खेळले होते!!

माझं म्हणणं असं की महागड्या कार्डाचा फोटो कोणी बघतच नाही. ते प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये, म्हणजे कडक पारदर्शक डबीत, सील असतं आणि लोक कोपरे आणि सेंटरिंग (चित्र बरोबर मध्ये छापलंय का) बघतात. फोटो बघितला जातो तो फक्त स्वस्त कार्डाचा. बोला.

स्लॅबवाला_समीर
बोलतो. तात्या, ही रद्दी आहे, आणि रद्दी म्हणण्यात अपमान काही नाही, ८०-९० च्या त्या सगळ्या मालाला इथले लोकच जंक वॅक्स म्हणतात (वॅक्स म्हणजे कार्डांची मेणकागदी पाकिटं). ८० च्या दशकाच्या शेवटी नि ९० च्या सुरुवातीला कंपन्यांनी इतकं छापलं, इतकं छापलं की आजपण न फोडलेले डबे पडून आहेत. तुम्ही महिन्याला दहावीस डॉलर त्यात घालणार, पाच वर्षांनी बाइंडरची भिंत होणार, आणि घर बदलताना तुमची पोरं ते सगळं गराज सेलला पाच डॉलरला काढणार. तेवढ्या पैशात एक चांगलं ग्रेडेड कार्ड (कंडिशनला नंबर देऊन सील केलेलं) घ्या ना. एकच. तेपण बघता येतं की, काचेतून काय दिसत नाही का?

ट्रेंटनचा_तात्या
@समीर अरे तो मँटल पण रद्दीच होता. १९५२ च्या सेटचा न खपलेला माल टॉप्सचे अधिकारी साय बर्गर यांनी १९६० मध्ये पडावावर चढवून अटलांटिकमध्ये बुडवला, त्यांनी स्वतःच सांगितलेली गोष्ट आहे, आणि तो समुद्र आपल्या न्यू जर्सीचाच. त्या वेळी कोणी ग्रेडिंग करत बसलं नव्हतं.

स्लॅबवाला_समीर
म्हणूनच तर उरलेला महाग झाला!! तुमची कार्डं कोणी समुद्रात टाकली नाहीत, प्रॉब्लेम तोच आहे 😂

मुक्ता_शिकागो
पैशाचा मुद्दा सोडा, माझा विरोध वेगळा आहे. तात्या, तुम्हाला वाटतं की तुम्ही बाजाराच्या बाहेर उभे आहात. नाही आहात. मजेशीर फोटो हा बाजाराने कधीच गिळलाय. १९८९ चं फ्लीअरचं बिली रिपकेनचं कार्ड आठवा, स्टार खेळाडू कॅल रिपकेनचा भाऊ, हातातल्या बॅटच्या बुडावर मोठ्या अक्षरात शिवी लिहिलेली, आणि ती तशीच छापून गेली. मग कंपनीला घाम फुटला, कधी काळा चौकोन मारला, कधी पांढरं पुसलं, कधी नुसतं खरडलं, आणि आज त्या प्रत्येक आवृत्तीला वेगळा भाव आहे, पांढऱ्यावाल्यासाठी तर लोक भांडतात. म्हणजे जोक कुठे राहिला?

पुढचं ऐका. २०११ च्या प्लेऑफमध्ये सेंट लुइसला फिलाडेल्फियाविरुद्ध मॅच चालू असताना एक खार होम प्लेटवरून (बॅटर उभा असतो तिथून) पळाली, बॅटिंगला स्किप शूमाकर. टॉप्सने २०१२ मध्ये काय केलं, शूमाकरचं साधं कार्ड सगळ्यांना दिलं आणि त्याच नंबरचं दुसरं कार्ड मोजकंच छापलं ज्यात खार आहे आणि शूमाकरचा फक्त पाय. ते सुरुवातीला शेकडो डॉलरला विकलं गेलं. म्हणजे गंमत मुद्दाम कमी छापायची, लोकांना पाकिटं फोडत ठेवायचं. हे लॉटरीचं तिकीट झालं, आणि तुमच्यासारख्या 'फोटोसाठी घेतो' म्हणणाऱ्या लोकांनीच ही चटक लावली.

ट्रेंटनचा_तात्या
मुक्ताताई, खारीचं कार्ड मी घेतलेलं नाही आणि घेणार नाही. माझा नियमच तो आहे, डॉलरच्या वर गेलं की माझ्यासाठी ते मेलं. कंपनीने गंमत दुर्मिळ केली हे खरं, पण हबर्डचा साप कोणी दुर्मिळ केला नव्हता, तो साध्या पाकिटात साध्या पोराला मिळत होता. आणि त्याला कारण आहे. १९८१ पर्यंत टॉप्सची जवळजवळ मक्तेदारी होती, फ्लीअर कोर्टात गेली, मग १९८१ पासून फ्लीअर आणि डॉनरस दोघं मैदानात आले. आता तीन-तीन कंपन्या तेच खेळाडू विकतायत तर वेगळं दिसायला काहीतरी पाहिजेच, म्हणून साप नि छत्र्या आल्या असं माझं मत. बाजारानेच आणल्या म्हणा हवं तर. पण तेव्हा बाजार पोरांना हसवून माल विकत होता, आता तरसवून विकतो. फरक आहे की नाही?

पुण्याहून_पक्या
मला बेसबॉल ओ की ठो कळत नाही, पण आमच्या लहानपणी बबलगमच्या कागदात क्रिकेटवाले रन आणि विकेट यायचे ते आठवलं. त्याचा फोटो बघून कोणी जमवत नव्हतं, हिशोब जुळवायला जमवायचे. चालू द्या, मी वाचतोय.

वैशाली_एडिसन
मी तात्यांच्या बाजूची, पण अर्धीच. तुम्ही सगळे "मजेशीर" या एकाच खोक्यात काहीही टाकताय ते मला पटत नाही. काही फोटोत खेळाडू गंमत करतोय. १९५९ चा ल्यू बर्डेट बघा, उजव्या हाताने टाकणारा पिचर, फोटोग्राफरसमोर ग्लोव्ह उलट्या हातात घालून डावखुरा बनून उभा राहिला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, वर नावाचं स्पेलिंग पण चुकवलं. १९६५ मध्ये बॉब युकरने बॅटिंगला डावखुरा उभा राहून तेच केलं. १९७२ मध्ये डेट्रॉइटचा मॅनेजर बिली मार्टिन बॅटवर मधलं बोट ताणून उभा, सरळ कॅमेऱ्याला. या लोकांनी कंपनीची फिरकी घेतली, मस्त, मनापासून हसा.

पण १९६९ च्या टॉप्समध्ये ऑरेलिओ रॉड्रिगेझच्या नावाखाली एंजल्स संघाच्या बॅटबॉयचा (बॅटी उचलून आणणाऱ्या पोराचा) फोटो आहे. रॉड्रिगेझ मेक्सिकोचा, तिसऱ्या बेसवरून त्याचा थ्रो म्हणजे तोफ, आणि कंपनीला त्याचा चेहरा माहीत नाही! तो ज्या वर्षी संघात होता त्या वर्षीचं त्याचं कार्ड दुसऱ्याच पोराचं. हे कार्ड दर वेळी 'हाहा बॅटबॉय' म्हणून दाखवतात. मला नाही येत हसू. आपली नावं इथे कशी उच्चारतात आणि कोणाला कोण समजतात ते प्रत्येकाला माहितीये ना इथे?

मुक्ता_शिकागो
+१. हे मी बोलणारच होते पण इतकं नीट नसतं जमलं.

स्लॅबवाला_समीर
वैशाली, मग १९८५ चं गॅरी पेटिसचं काय? तोही एंजल्सचाच, आणि कार्डावर त्याचा धाकटा भाऊ. तेपण वंशवादात टाकणार का? कधीकधी चूक ही नुसती चूक असते, फोटोग्राफरला दिवसभरात पन्नास माणसं उरकायची असतात. १९५७ मध्ये तर हँक आरनची निगेटिव्ह उलटी छापली, साहेब डावखुरे झाले. त्यात कोणाचा काय अपमान.

वैशाली_एडिसन
आरनची निगेटिव्ह उलटी झाली, माणूस तोच राहिला. रॉड्रिगेझच्या कार्डावर माणूसच नाही. पेटिसचं म्हणशील तर तिथे भाऊ मजेत कॅमेऱ्यासमोर उभा राहिला, तो घरातलाच मामला, त्यावर मी हसते. मी वंशवाद हा शब्द वापरलाच नाही, तू वापरलास. मी एवढंच म्हणतेय की बाइंडरमध्ये लावताना कोण कोणावर हसतंय ते बघून लावा.

ट्रेंटनचा_तात्या
वैशाली, हे मात्र तू फोटो बघितलास म्हणून सुचलं की नाही? माझा मुद्दा तोच! रॉड्रिगेझचं कार्ड मी ठेवतो आणि ठेवणार, पण गमतीच्या पानात नसतं ते, रंगवलेल्या टोप्यांच्या पानात आहे, म्हणजे कंपनीने सत्याशी काय काय खेळ केले ते पान. पूर्वी खेळाडू संघ बदलायचा आणि फोटो जुन्या युनिफॉर्ममधला असायचा, मग कलाकार ब्रशने नवी टोपी रंगवायचे. १९७७ चा रेजी जॅक्सन असाच यांकी झालाय.

यातलं सगळ्यात भारी म्हणजे ऑस्कर गँबल, १९७६ च्या टॉप्सचा ट्रेडेड सेट (संघ बदललेल्या खेळाडूंचा). डोक्यावर हा एवढा मोठा आफ्रो, त्यावर कशीबशी बसवलेली, रंगवलेली यांकीजची टोपी. आणि गंमत ही की यांकीजच्या मालकाचा केसांबाबत कडक नियम होता, त्यांनी सीझन सुरू व्हायच्या आधीच त्याला केस कापायला लावले. म्हणजे तो आफ्रो आणि ती टोपी एका डोक्यावर कधी आलेच नाहीत. जे कधी घडलंच नाही त्याचा फोटो तुमच्या हातात. मी तासभर बघू शकतो ते कार्ड.

स्लॅबवाला_समीर
एक मिनिट. गँबलचं ते कार्ड बरं कंडिशनमध्ये डॉलरच्या आत मिळतं कुठे?? तुमच्या नियमाचं काय झालं तात्या?

ट्रेंटनचा_तात्या
कोपरे कुत्र्याने खाल्ल्यासारखे आहेत आणि मधून घडी पडलीये. डाइम बॉक्सात (दहा सेंटला एक अशा खोक्यात) मिळालं. तुझ्या ग्रेडिंगवाल्यांनी त्याला एक नंबर द्यायलाही लाज वाटून घेतली असती. आफ्रोला मात्र धक्का नाही.

मुक्ता_शिकागो
तरीपण माझा प्रश्न उभाच आहे. हे सगळे फोटो नेटवर फुकट आहेत, आत्ता या धाग्यातली सगळी कार्डं मी फोनवर बघत बघत वाचली, एक पैसा न देता. मग प्लास्टिकच्या नऊ खिशांच्या पानांत पुठ्ठा साठवायचाच कशाला? फोटो हवाय की वस्तू हवीये? वस्तू हवी असेल तर तुम्ही समीरचेच भाऊ, फक्त बजेट कमी.

ट्रेंटनचा_तात्या
वस्तू हवीये, लपवत नाही. अडीच बाय साडेतीन इंच, १९५७ पासून माप तेच, त्यामुळे कुठल्याही वर्षाचं कार्ड कुठल्याही शेजारी बसतं, मी हबर्डच्या सापाशेजारी बेव्हाक्वाचा फुगा लावलाय. ते फोनवर होत नाही. फोनवर एक बघतो, मग दुसरं, पान होत नाही. आणि पाठ असते कार्डाला, बेव्हाक्वाचा ड्रॉ पाठीवर आहे, नेटवर लोक पुढचीच बाजू टाकतात. समीरचा भाऊ म्हणालीस ते मात्र लागलं 😄

स्लॅबवाला_समीर
भाऊ तर भाऊ. माझ्या बेसमेंटमध्ये ८८ ते ९१ च्या कॉमन्सचे (साध्या, भाव नसलेल्या कार्डांचे) सहा खोके आहेत, बायको रोज विचारते कधी काढणार. फुकट न्या. सगळे.

ट्रेंटनचा_तात्या
सगळे नको. रविवारी येतो, तिथेच बसून चाळतो, फोटो आवडेल तेवढीच उचलतो.

स्लॅबवाला_समीर
म्हणजे रद्दी मलाच ठेवायची!! वा रे वा. चहा मिळणार नाही मग.

वैशाली_एडिसन
मीही येते रविवारी. आणि समीर, ८९ च्या फ्लीअरचा खोका तेवढा आधी तपासून ठेव, रिपकेन निघाला तर तात्या नियमाप्रमाणे घेऊ शकणार नाहीत, मी घेईन.