ऑटिझमच्या डीएनए संशोधनासाठी सही करावी का?

वाशीकर: मुलगा १३ वर्षांचा. संशोधक लाळेचा नमुना मागतायत. फॉर्ममध्ये नेमकं काय बघू?

तीन हात नाका: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ६(२) दाखवा. सरकारने नेमलेल्या संशोधन समितीची पूर्वपरवानगी लागते. तिचे निम्मे तरी सदस्य दिव्यांग किंवा दिव्यांगांसाठीच्या नोंदणीकृत संस्थांचे हवेत. नुसता संस्थेच्या एथिक्स कमिटीचा (संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या समितीचा) शिक्का पुरत नाही. बारा पूर्ण झालेत, म्हणजे मुलाचीही लेखी संमती हवी.

ऐरोली: खरी मेख ‘भावी संशोधनासाठी’ या ओळीत असते. डेटा कुणाला जाणार, नंतर माघार घेतली तर नमुना नष्ट करणार का? ब्रिटनचा ‘स्पेक्ट्रम १०के’ हा ऑटिझमचा डीएनए अभ्यास २०२१ मध्ये ऑटिस्टिक लोकांच्या विरोधामुळेच थांबला.

कोपरखैरणे: जनुकांवर पैसा आहे, शॅडो टीचरवर (वर्गात मुलाच्या मदतीला बसणाऱ्या शिक्षकावर) नाही! सोयी मागायला पालिकेत एकटे जाऊ नका. कर्णबधिर, व्हीलचेअरवाले सोबत घ्या. रॅम्प, दुभाषी, शांत खोली एकाच अर्जात मागा. आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.