मासे तोंडावरून ओळखतात, मग परत टाकीत सोडताना काय करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सांगलीतून विचारतोय. घरी आफ्रिकेतल्या टांगानिका तलावातले डॅफोडिल सिक्लिड मासे आहेत, एक मोठी जोडी आणि बाकी मदतनीस, म्हणजे जोडीची पिल्लं सांभाळायला हातभार लावणारे मासे, असा गोतावळा. ह्यांच्या डोळ्यामागं गालावर तपकिरी, पिवळे, निळे पट्टे असतात, प्रत्येकाचे वेगळे, आणि २०१५ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की हे मासे तेवढ्यावरूनच ओळखीचा कोण न परका कोण ते ठरवतात, ते पण अर्ध्या सेकंदाच्या आत! आता शेपूट फाटलेला एक मदतनीस उपचाराला वेगळा ठेवलाय, गालाला काही झालं नाही. परत सोडला तर घरचे ओळखतील का परका समजून तुटून पडतील? आधी काचेचं पार्टिशन लावून तोंडं दाखवू का? दुकानदार म्हणतोय लाईट बंद करून सोड, पण अंधारात गाल दिसणार कसा हो? कुणी केलंय का असं?